गोधडी पांघरलेला सर्व्हर

जिन्यातून लोणच्याची बरणी घेऊन उतरणाऱ्या अनोळखी तरुणाला हात आडवा करून थांबवणं, हे कर्वेनगरातल्या मुलींच्या रीतीत बसत नाही. सुरुचीने थांबवलं. तिचा नाइलाज होता. मागे दार सताड उघडं, आतल्या खोलीत सर्व्हर गतप्राण होऊन पडलेला, आणि समोरच्या तरुणाच्या सॅकवर पेंग्विनचं स्टिकर. तो सर्व्हर देणगी म्हणून देऊन गेलेल्या गृहस्थांनी जाताना एवढंच सांगितलं होतं, की यात विंडोज नाही, लिनक्स आहे, ते पेंग्विनवालं. सुरुचीच्या लक्षात तेवढंच राहिलं होतं.

"तुम्हाला यातलं काही कळतं का?" तिने सॅककडे बोट दाखवलं.

त्याने गोंधळून हातातल्या बरणीकडे पाहिलं. "लोणच्यातलं?"

"पेंग्विनमधलं."

"हं… थोडंफार."

हे 'थोडंफार' किती होतं ते तिला पुढे कळलं. खराडीच्या एका कंपनीत तो असले शेकडो सर्व्हर सांभाळत होता. नाव चेतन. याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या शालनबाई त्याच्या आत्या, आणि ते कैरीचं ताजं लोणचं आत्याने घातलेलं. गुढीपाडवा नुकताच होऊन गेला होता आणि ऊन तापायला लागलं होतं. सुरुचीने त्याला आत नेलं ते जवळजवळ ओढतच. बरणी कुठे ठेवू, असं तो विचारत होता, पण तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

तळमजल्यावरच्या या दोन खोल्यांच्या फ्लॅटवर 'कानोसा' अशी पाटी होती. दृष्टिहीन विद्यार्थ्यांची पाठ्यपुस्तकं इथे कुणीतरी मोठ्याने वाचायचं, त्यांचं ध्वनिमुद्रण व्हायचं, आणि मुलं आपापल्या फोनवर ती ऐकायची. बाहेरच्या खोलीत टेबलाशी शरच्चंद्र काका बसत. ते निवृत्त मुख्याध्यापक, संस्थेचे अध्यक्ष, आणि टोमणा मारताना चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवणारे. आतल्या खोलीत सुरुची. व्यवस्थापक तीच, केर काढणारी तीच, आणि 'कुणीतरी वाचायचं' मधली कुणीतरीही बहुतेक वेळा तीच. सगळी पुस्तकं सर्व्हरच्या पोटात असायची. ती वाचत असताना तिचा आवाजसुद्धा थेट तिथेच जाऊन साठायचा, त्यामुळे सर्व्हर बंद पडला की तिचं वाक्य जिथे असेल तिथे तुटायचं.

चेतन खोलीच्या कोनाड्यासमोर मांडी घालून बसला. सर्व्हर तिथेच असायचा. त्याने पत्र्याच्या खोक्यावर तळहात ठेवला, एखाद्या आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा. बटण दाबलं, आणि यंत्र काहीच झालं नसल्यासारखं गुणगुणायला लागलं. मग त्याने काळ्या पडद्यावर भराभर काहीतरी लिहिलं आणि आलेल्या ओळी तो लक्ष देऊन वाचत राहिला. सुरुची त्याच्या खांद्यावरून बघत होती. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. त्याच्या मानेवरचे केस मात्र नीट कापलेले होते, हे कळलं.

"यंत्र नीट बंद केलं ना, तर ते जाताना लिहून जातं, की मी चाललो," तो म्हणाला. "याने काहीच लिहिलेलं नाही. काम करता करता एकदम गप्प झालाय."

"म्हणजे काय झालं असेल?"

"ते शोधायला लागेल." त्याने मागे वळून पाहिलं आणि ती इतकी जवळ उभी आहे हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. "मला… परत यावं लागेल बहुतेक."

तो गेल्यावर बरणी सर्व्हरच्या डोक्यावर राहिलेली दिसली. दुसऱ्या दिवशी तो ती न्यायला आला, आणि आलोच आहे तर बघतो म्हणत तासभर बसला.

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकलेली बरी, कारण सुरुचीने ती त्याला सांगितली नव्हती. तिने काही लपवलं नव्हतं. यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

ध्वनिमुद्रणाला शांतता लागते, आणि पुण्यात फुकट मिळणारी एकमेव शांतता म्हणजे दुपारी एक ते चार. त्या वेळात कुकर वाजत नाहीत, भंगारवाला फिरकत नाही, इमारतीतले सगळे पडलेले असतात. म्हणून सुरुची दुपारीच वाचायची. वाचण्याआधी तिचा एक सोपस्कार असे. खिडक्या लावायच्या, छताचा पंखा बंद करायचा, भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढायचा, हातातल्या बांगड्या उतरवायच्या. सगळं गप्प झालं तरी कोनाड्यातला सर्व्हर गुणगुणतच असे, आणि ती गुणगुण नेमकी माइकमध्ये शिरे. त्यावर तिने साधा उपाय काढला होता. आईने जुन्या सुती साड्यांची एक गोधडी शिवून दिली होती, सुरुचीच्या सासरी न्यायला म्हणून. सासरचा अजून पत्ता नव्हता. तोवर दुपारी ध्वनिमुद्रण सुरू केलं की सुरुची ती गोधडी सर्व्हरवर पांघरायची, चारी बाजूंनी नीट खोचून. वाचन झालं की घडी करून खुर्चीवर, बसायला. आणि वाचता वाचता सर्व्हर बंद पडलाच, तर काय झालं ते बघायला ती सर्वात आधी गोधडीच काढायची. त्यामुळे सर्व्हर गोधडीत असलेला दुसऱ्या कुणी कधी पाहिलाच नव्हता.

चेतन येत राहिला. ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी, कधी शनिवारी सकाळी. "आत्याकडे आलो होतो," हे वाक्य दारातच व्हायचं, मग पुढचं काम. एकदा त्याने सर्व्हरची मेमरी तपासायला लावली, तिच्यात दोष निघाला नाही. मग डिस्क तपासली, ती ठणठणीत. मग वीज पुरवणारा भाग बदलून पाहिला, घरून आणलेला स्वतःचा लावून. तो असेपर्यंत सर्व्हर शहाण्यासारखा चालायचा आणि तो नसला की दुपारी मान टाकायचा. शरच्चंद्र काकांचं निदान केव्हाच तयार होतं. त्यांच्या मते सर्व्हर पुण्यातला होता, एक ते चार विश्रांती घेणारच. बटण दाबून कुणाची वामकुक्षी मोडू नये.

सुरुची त्याला पन्हं करून द्यायची. पहिल्यांदा सौजन्य म्हणून, नंतर त्याला वेलदोडा जास्त आवडतो हे कळल्यावर वेलदोडा जास्त घालून. पेला देता-घेताना बोटं लागली तर दोघंही सर्व्हरकडे बघायची. तिला तो आवडला होता. फक्त ही गोष्ट ती स्वतःशीही मान्य करत नव्हती, कारण ती मान्य केली की पुढचा प्रश्न पडत होता. सर्व्हर बरा झाला की हा इथे कशाला येईल?

बंद पडताना तुटलेल्या फायली तो घरी नेऊन जोडायचा. जोडायच्या म्हणजे ऐकाव्या लागायच्या. एकदा त्याचा त्यासाठीच फोन आला.

"तुमचं भूगोलाचं पुस्तक. 'दख्खनच्या पठारावरील बहुतेक नद्या पूर्वेकडे वाहतात, कारण…' आणि संपलं."

"हो, तिथेच बंद पडला."

"मग का वाहतात?"

"पुस्तकात आहे. वाचा."

"मला वाचून दाखवणाऱ्या बाईंची सवय लागलीय," तो म्हणाला आणि मग आपण काय बोललो ते कळून त्याने घाईघाईने फोन ठेवला. सुरुची बराच वेळ फोन हातात धरून बसली होती. काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि काही न बोलता पुन्हा पेपर उघडला, हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं.

नद्यांचा हाच प्रश्न वाघोलीहून मैत्री नावाची विद्यार्थिनीही विचारत होती. मैत्री बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिला जन्मापासून दिसत नव्हतं, आणि परीक्षा तोंडावर आली होती. ती एक दिवसाआड फोन करून अगदी गोड आवाजात विचारायची, की ताई, नद्या पूर्वेकडे का वाहतात ते या वर्षी कळेल का.

एके दिवशी चेतनने रजाच टाकली आणि दुपारभर तिथे ठाण मांडलं. सर्व्हर पडताना त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. सुरुचीने खिडक्या लावल्या, सेल काढला, बांगड्या उतरवल्या. गोधडीला हात घातला आणि तिला लाज वाटली. विरलेल्या साड्यांची ती गोधडी, त्यातलं एक ठिगळ तर तिच्या लहानपणच्या परकराचं, या माणसासमोर काय पांघरायची? आज राहू दे गुणगुण, तिने ठरवलं. तिने दोन धडे वाचले. सर्व्हर हूं की चूं न करता चालला. चेतन दाराबाहेर जमिनीवर बसून डोळे मिटून ऐकत होता. काका म्हणाले, तुम्ही इथेच बसत जा, पगार नाही, पण पन्हं आहे.

त्या दिवशी काही सापडलं नाही तरी जाताना त्याने सर्व्हरला एक काम लावून दिलं, दर मिनिटाला स्वतःचं तापमान लिहून ठेवायचं. दोनच दिवसांत उत्तर आलं. दुपारी वाचन सुरू झालं की तापमान घाटातल्या गाडीसारखं चढत जायचं, आणि एका हद्दीच्या पुढे यंत्र स्वतःला वाचवायला जागच्या जागी बंद व्हायचं. चेतनला भारी आनंद झाला. त्याने सुरुचीला विचारलं, दुपारी इथे वेगळं काय होतं? तिने प्रामाणिकपणे आठवून सांगितलं, की काहीच नाही, उलट सगळं बंद असतं. मग ऊनच असणार, असं ठरवून त्याने सर्व्हरच्या आतली धूळ काढली आणि एक मोठा, दणकट पंखा आत बसवून दिला.

नव्या पंख्याचा आवाज पहिल्याच्या दुप्पट होता. सुरुचीने दुसऱ्या दिवशी गोधडी दुहेरी केली.

सर्व्हर त्या आठवड्यात रोज पडला, आणि पूर्वीपेक्षा लवकर पडला.

शेवटी काकांचाही धीर सुटला. शनिवारी विश्वस्तांची सभा होती. बाणेरच्या एका कंपनीने सगळी पुस्तकं आपल्या यंत्रांवर ठेवायची तयारी दाखवली होती, आणि वाचायलाही माणूस नको, यंत्रच मराठीत वाचून देईल, असं त्यांचं म्हणणं होतं. काकांना ते मनापासून पटलेलं नव्हतं, पण मुलांची परीक्षा कुणासाठी थांबणार नव्हती. शनिवारपर्यंत काही झालं नाही तर मान्यता द्यावी लागेल, असं त्यांनी सुरुचीला सांगितलं. हे सांगताना त्यांनी एकही टोमणा मारला नाही, म्हणून ती जास्त घाबरली. म्हणजे वाचनही जाणार, आणि 'आत्याकडे आलो होतो' हेही जाणार.

त्या संध्याकाळी चेतन नेहमीसारखा आला, स्क्रू-ड्रायव्हर काढून बसला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही हात लावल्यापासून तो जास्तच बंद पडतोय."

त्याचा हात थांबला. त्याने काहीतरी खोचक बोलावं, अशी ती मनातल्या मनात वाट बघत होती. पुण्यात खोचक उत्तर आलं म्हणजे सगळं ठीक आहे असं समजतात.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. त्याने सामान सॅकमध्ये भरलं, आणि समोरचं पन्हं तसंच ठेवून गेला.

पुढचे दिवस जिन्यात पाऊल वाजलं की सुरुचीचं वाचन चुकायचं. कधी दूधवाला असायचा, कधी गॅसवाला. तिने फोन हातात घेतला आणि ठेवला, असं कितीदा तरी झालं. चूक आपली होती हे तिला कळत होतं. फक्त ती किती मोठी होती, हे अजून कळायचं होतं.

शुक्रवारी दुपारी, वाचन सुरू व्हायच्या आत, तो दारात उभा राहिला. आत्याचं नाव न काढता तो सरळ आतल्या खोलीत आला आणि सॅकमधून हेडफोन काढून तिच्यापुढे धरले.

"ऐका."

"काय आहे?"

"तुम्हीच आहात. ज्या ज्या दिवशी बंद पडला, त्या त्या दिवसाची सुरुवात एकापुढे एक लावलीय. मी इतके दिवस फक्त तुटलेली टोकं ऐकत होतो. सुरुवात ऐकलीच नव्हती."

तिने हेडफोन कानाला लावले. आधी सर्व्हरची गुणगुण. मग काहीतरी सळसळलं, जाड कापड ओढल्यासारखं… आणि गुणगुण एकदम खोल गेली, विहिरीत पडल्यासारखी. मग तिचा स्वतःचा घसा खाकरण्याचा आवाज. पुन्हा पुढच्या दिवसाची गुणगुण, पुन्हा सळसळ. पुन्हा तेच.

"मी रजा टाकून बसलो होतो त्या दिवशी ही सळसळ नाहीये," चेतन हळू आवाजात म्हणाला. "आणि त्या दिवशी तो पडला नाही. हे काय आहे, सुरुची?"

तिचे कान तापले. तिने खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीवर घडी घातलेली गोधडी निवांत पडली होती.

"गोधडी," ती म्हणाली.

त्याने गोधडीच्या घडीकडे पाहिलं. मग त्याने अत्यंत गंभीरपणे विचारलं, "एकेरी?"

"आधी एकेरी. तुम्ही तो मोठा पंखा बसवल्यावर… दुहेरी."

चेतन भिंतीला टेकून खाली बसला. त्याचे खांदे हलायला लागले तेव्हा तिला वाटलं, याला आता रडू येतंय की काय. तो हसत होता, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सुरुची आधी चिडली, मग तिलाही हसू आवरेना, आणि हसता हसता एकदम तिचे डोळे भरले.

"मी तुम्हाला काय काय बोलले," ती म्हणाली. "आणि सगळं माझंच होतं."

"तुम्ही बोललात ते खरंच होतं. पंखा मी लावला आणि तो लवकर पडायला लागला." त्याने डोळे पुसले. "उद्या सभेत मी सांगतो, की तिथे हवा खेळती राहत नव्हती. खोटं नाही ते."

ती नको म्हणाली. त्या दुपारी तिने गोधडी खुर्चीवरच ठेवली, आणि सर्व्हर गुणगुणत असतानाच भूगोल उघडला. चेतन दाराबाहेर त्याच जागी बसला. "दख्खनच्या पठारावरील बहुतेक नद्या पूर्वेकडे वाहतात, कारण," ती वाचत होती, "पठाराचा उतारच त्या दिशेला आहे."

"एवढंच?" बाहेरून आवाज आला.

"एवढंच," ती म्हणाली. नंतर ध्वनिमुद्रणातून तेवढं तिने कापलं, आणि कापलेला तुकडा फेकला नाही.

शनिवारी सभेत तिने स्वतः उभं राहून सगळं सांगितलं. चेतनचं काम चोख होतं आणि सर्व्हरमध्ये कधीच दोष नव्हता. यंत्राचा श्वास दुपारी आपणच कोंडत होतो, हेही सांगितलं. विश्वस्त एकमेकांकडे बघायला लागले. काकांनी चष्मा काढून पुसला.

"म्हणजे चैत्रात आपण सर्व्हरला गोधडी पांघरत होतो," ते म्हणाले. "मार्गशीर्षात स्वेटर विणायचं ठरलं होतं का?"

बाणेरच्या कंपनीला नम्र नकार कळवायचं ठरलं. रविवारी चेतनने सर्व्हर बाहेरच्या खोलीत काकांच्या टेबलाखाली हलवला, म्हणजे माइकला आवाजही नको आणि गोधडीही नको. लांब केबल भिंतीच्या कडेने आत न्यायची होती. तो एका टोकाला, ती दुसऱ्या. तो सोडत होता, ती ओढत होती, आणि मध्ये भिंत असल्यामुळे दोघांनाही वाटेल तसं हसता येत होतं. काकांनी गुणगुणीबद्दल तक्रार केली नाही. उलट तिच्यामुळे त्यांना टेबलावरच छान डुलकी लागू लागली.

त्यानंतर सर्व्हर एकदाही पडला नाही. मैत्रीचा आभाराचा फोन आला. सुरुचीने आनंदात असायला हवं होतं, आणि ती दिवसभर दाराकडे बघत होती.

तो यायचा, नाही असं नाही. जिन्यात पावलं वर जायची, थोड्या वेळाने खाली यायची, आणि दारात तो क्षणभर थांबायचा. आत्याकडे आलो होतो. सर्व्हर ठीक? ठीक. मग चलतो. ती बरं म्हणायची. पन्हं विचारायचं तिच्या ओठांवर यायचं, पण कामाशिवाय आलेल्याला कशाच्या निमित्ताने थांबवायचं? तोही सॅकचा पट्टा उगाच नीट करायचा आणि जायचा. मग ती दार ओढून घ्यायची आणि स्वतःवर चिडायची. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं खणखणीत वाचणाऱ्या तिला स्वतःचं एक वाक्य जमत नव्हतं.

मे उजाडला. एके दिवशी शालनबाईंच्या नावाचं पार्सल चुकून 'कानोसा'त आलं आणि ते द्यायला सुरुची दुसऱ्या मजल्यावर गेली. दाराला कुलूप होतं. कडीवर धूळ होती. समोरच्या बाईंनी जाळीच्या दारातूनच सांगितलं, की शालनबाई लेकीच्या बाळंतपणाला नगरला गेल्यात, पाडवा झाल्यावर लोणचं घातलं आणि त्याच आठवड्यात निघाल्या, आता पाऊस पडल्यावरच येतील. वर हेही, की त्यांचा भाचा मात्र मोठा गुणी, अधूनमधून येऊन पायरीवर बसतो बिचारा, आत्याची आठवण येत असेल.

सुरुची पार्सल घेऊन खाली आली. कितीतरी वेळ तिला काम सुचेना. ती एकटीच हसत होती.

संध्याकाळी पावलं वाजली. वर गेली. तिने या खेपेला कान देऊन ऐकलं. दार उघडल्याचा आवाज नव्हता, बोलण्याचा नव्हता. थोड्या वेळाने पावलं उतरायला लागली, जरा जास्तच वाजत.

"आत्याकडे आलो होतो," चेतन दारातून म्हणाला. "सर्व्हर ठीक?"

"ठीक. आत या ना." तिने त्याला आतल्या खोलीत नेलं. "आत्या कशा आहेत?"

"बरी आहे. गुडघा जरा दुखतोय म्हणाली."

"कुलपातून बोलता वाटतं दोघं."

चेतनचा हात सॅकच्या पट्ट्याकडे गेला. त्याच्या चेहऱ्यावर एकामागून एक इतकं काय काय उमटलं, की तिला त्याची दया आली. पण फार नाही.

"इतके दिवस वर जाऊन करत काय होतात?"

"पायरीवर बसायचो," तो म्हणाला. "मग भेट झाल्यासारखा उतरायचो. तुम्हाला ऐकू जावं म्हणून पाय आपटत."

"पण सरळ आत यायला काय झालं होतं? सर्व्हर होता ना इथे."

"पूर्वी होता. आता तो बरा आहे. निमित्त काय सांगणार? मी इथे येतो, कारण…"

आणि तो थांबला. खोलीत शांतता पसरली, एक ते चारसारखी. बाहेरून सर्व्हरची गुणगुण तेवढी येत होती. सुरुचीने हाताची घडी घातली.

"बघा. इथेच तुटतं. याच शब्दापाशी. मैत्रीने याच्यासाठी मला सळो की पळो करून सोडलं होतं. मी आता अर्धी वाक्यं चालवून घेत नाही."

त्याने एक मोठा श्वास घेतला.

"नद्या पूर्वेकडे वाहतात," तो म्हणाला. "मी खराडीहून उलटा पश्चिमेकडे येतो. सगळं शहर ओलांडून, सगळे सिग्नल खात. कारण माझा उतार या दिशेला आहे." मग त्याला ते पुरेसं वाटलं नसावं. "मला तुम्ही आवडता, सुरुची. आधी आवाज आवडला, कानात सारखा तोच होता. मग तुम्ही. चिडलात त्या दिवशीसुद्धा. झालं वाक्य."

"झालं," ती म्हणाली. तिला एवढंच जमलं. मग तिने खुर्चीवरची गोधडी उचलून छातीशी धरली, कारण हात कुठेतरी ठेवायला हवे होते.

"ही आईने माझ्या सासरी न्यायला शिवलीय," ती गोधडीकडे बघत म्हणाली. "ऊब चांगली आहे. सर्व्हरला विचारून घे." तो 'तू' तिच्या तोंडून आपसूकच गेला आणि तिने तो परत घेतला नाही. "दुहेरी केली तर एकालाच पुरते. एकेरी ठेवली तर… दोघांना."

चेतनने पुढे होऊन गोधडीचं एक टोक हातात घेतलं. त्यावरचं परकराचं ठिगळ त्याने अंगठ्याने हळूच सारखं केलं.

"एकेरीच ठेवू," तो म्हणाला.

बाहेरच्या खोलीत टेबलावर डोकं ठेवून झोपलेल्या शरच्चंद्र काकांनी डोळे न उघडता घसा खाकरला.

"ठेवा," ते म्हणाले, "पण हवा खेळती राहू द्या."